वाऱ्याआधी आलेलं पाणी

गुरुवार, ११ सप्टेंबर २००८, सकाळ. धडकेला सुमारे ४० तास

टेक्सासच्या किनाऱ्यावर गॅल्व्हस्टन नावाचं लांबट, चिंचोळं बेट आहे. पुढ्यात मेक्सिकोचं आखात, पाठीमागे गॅल्व्हस्टनची खाडी, आणि मुख्य भूमीवर तासाभराच्या अंतरावर ह्यूस्टन. बेटावर सुमारे सत्तावन्न हजारांची वस्ती. आज सकाळी महापौर लिडा ॲन थॉमस यांचा हुकूम निघाला आहे : सगळं बेट रिकामं करा. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्यासाठी बसगाड्या लागल्या आहेत. त्या ऑस्टिनला जाणार आहेत.

हुकूम आज का निघाला, चार दिवस आधी का नाही? कारण आठवड्याच्या सुरुवातीला अंदाजाची रेघ बरीच दक्षिणेला, कॉर्पस क्रिस्टीच्या बाजूला जात होती. ती थोडी थोडी उत्तरेकडे सरकत गेली, आणि काल-परवापर्यंत स्वतःला कडेचा समजणारा गॅल्व्हस्टनकर आज एकदम मधोमध आला.

वादळाचं नाव आइक. हैतीत त्याने सत्तरहून अधिक माणसं मारली आहेत. रविवारी रात्री आणि मंगळवारी असे क्युबाला दोन तडाखे देऊन ते आखातात उतरलं. क्युबाच्या जमिनीवर घासताना त्याच्या गाभ्याची घडी विस्कटली, वाऱ्याचा वेग उतरला. पण वादळ लहान झालं नाही, उलट अंगाने सुटलं. मध्यापासून १२० मैलांपर्यंत हरिकेनच्या ताकदीचे वारे, २७५ मैलांपर्यंत वादळी वारे. मैलांचा अंदाज येत नसेल तर केंद्र मुंबईवर ठेवून बघा : वादळी वाऱ्याची कड पणजीच्याही पलीकडे जाते.

आणि तरी टीव्हीच्या पडद्यावर कोपऱ्यात एक आकडा दिसतो आहे : कॅटेगरी दोन.

हा आकडा नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचे दोन दिवस माणसं त्याच्याच भरवशावर निर्णय घेणार आहेत. सॅफिर-सिम्पसन पट्टी वादळाला एक ते पाच क्रमांक देते, आणि तो ठरतो केवळ वाऱ्याच्या वेगावर. तीन म्हणजे मोठं वादळ, दोन म्हणजे मधलं. त्या काळच्या पट्टीत प्रत्येक क्रमांकापुढे पाणी किती चढेल तेही छापलेलं असे. कॅटेगरी दोनसमोर लिहिलेलं होतं : सहा ते आठ फूट. खांबांवर बारा फूट उंच घर बांधलेल्या माणसाने हे वाचलं तर त्याने गाडी का काढावी?

राष्ट्रीय हरिकेन केंद्राची पत्रकं मात्र वेगळं सांगत होती. पाणी २० फुटांपर्यंत चढू शकेल, खाड्यांच्या टोकाला त्याहूनही वर. दोन्ही आकडे सरकारीच. लोकांच्या डोक्यात त्यातला सोपा बसला.

गुरुवार, दुपार. सुमारे ३६ तास

ह्यूस्टनमध्ये चाळीसेक लाखांच्या हॅरिस कौंटीला नेमका उलटा निरोप दिला जातो आहे : तुम्ही जागचे हलू नका.

यामागे तीन वर्षांपूर्वीची जखम आहे. सप्टेंबर २००५ मध्ये रिटा वादळ येत असताना, कॅट्रिना वादळाची दृश्यं ताजी असल्यामुळे, सगळं ह्यूस्टन एकाच वेळी रस्त्यावर उतरलं. वीस-पंचवीस लाख माणसं, शंभर मैलांची वाहनांची रांग, भर उन्हात संपलेलं पेट्रोल. वृद्धाश्रमातल्या लोकांना नेणारी एक बस डॅलसजवळ पेटली आणि २३ जण त्यात गेले. रिटाच्या बळींपैकी कितीतरी जण वादळाने नाही, पळापळीने मेले. म्हणून या वेळी कौंटीचे प्रमुख एड एमेट आणि महापौर बिल व्हाइट यांनी ठरवलं की पाणी जिथे शिरणार तेवढेच पिनकोड रिकामे करायचे. पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा. हा निर्णय बरोबर होता, हे आजही म्हणायला हवं.

ह्यूस्टनमध्ये मराठी मंडळी पुष्कळ आहेत, आणि हे दिवस गणेशोत्सवाचे होते. शनिवारी पहाटे वादळ येणार आणि रविवारी अनंत चतुर्दशी. मखरासमोर बसून टीव्हीवरचा नकाशा बघायची वेळ कुणावर येऊ नये, ती तिथल्या घराघरात आली असणार.

गुरुवार, रात्री आठ. ३० तास

हवामान खात्याच्या ह्यूस्टन-गॅल्व्हस्टन कार्यालयाने एक पत्रक काढलं आणि देशभर खळबळ उडाली. हुकूम न मानता एक-दोन मजली घरात थांबणाऱ्यांसमोर निश्चित मृत्यू आहे, अशा अर्थाचं वाक्य त्यात होतं. सरकारी हवामान पत्रकाची भाषा कशी असते आपल्याला ठाऊक आहे : शक्यता, काही ठिकाणी, तुरळक ठिकाणी. त्या भाषेत कुणी मृत्यू लिहीत नाही.

मग घाबरून सगळे निघाले का? निघाले नाहीत. शहराच्या अंदाजाप्रमाणे बेटावरचे शंभरातले चाळीस लोक राहिले. त्यांची कारणं ऐकली तर एकेकटं कारण पटण्यासारखंच वाटतं. ऑगस्टच्या पाच तारखेला एदुआर नावाचं वादळ इथेच जवळ लागलं होतं, फार काही झालं नाही. दहा दिवसांपूर्वी गुस्ताव्ह आलं, ते लुइझियानाला गेलं. रिटाच्या वेळी गाडीत वीस तास काढले, घरी परतलो तर कौलसुद्धा हललेलं नव्हतं. कुत्र्याला कुठे नेणार? हॉटेलचं भाडं कोण देणार? सकाळी उठून बघू, वाटलंच तर निघू.

शेवटचं वाक्य सगळ्यात महाग पडलं.

शुक्रवार, १२ सप्टेंबर, पहाट. २० तास

गॅल्व्हस्टनच्या पूर्वेला, खाडीच्या तोंडापलीकडे, बोलिव्हर नावाची जमिनीची लांबलचक जीभ आहे. लांबी सत्तावीस मैल, रुंदी कुठे कुठे अर्ध्या मैलाच्या आसपास, उंची जेमतेम पाच ते दहा फूट. पोर्ट बोलिव्हर, क्रिस्टल बीच, गिलख्रिस्ट ही तिच्यावरची गावं. खांबांवरची रंगीत घरं, मासे पकडायचे धक्के, सुट्टीतली भाड्याची घरं आणि बारमाही राहणारे काही हजार लोक. निघायचे मार्ग दोनच : पश्चिम टोकाला गॅल्व्हस्टनची फेरीबोट, आणि पूर्वेला समुद्राला लागून जाणारा हायवे ८७. तो हाय आयलंडला पोचतो. हे गाव जमिनीखालून वर आलेल्या मिठाच्या घुमटावर वसलं आहे आणि समुद्रापासून तीसेक फूट उंच आहे. सगळ्या परिसरात तेवढीच टेकडी.

शुक्रवारी उजाडताना बोलिव्हरची माणसं चहा-कॉफी घेऊन बाहेर आली तेव्हा आभाळात तुटक ढग होते. वारा होता, पण चालता येईल इतपत. वादळ अजून दोनशे मैलांहून दूर होतं. आणि हायवे ८७ वर पाणी होतं.

त्यातली चमत्कारिक गोष्ट पुढे आहे. वारा समुद्राकडून येत नव्हता. तो ईशान्येकडून, म्हणजे किनाऱ्याला समांतर आणि थोडा जमिनीकडूनच वाहत होता. कोकणातला असो की टेक्सासचा, दर्यावर्दी माणूस वाऱ्यावरून पाण्याचा अंदाज बांधतो. वारा जमिनीवरून सुटला असेल तर पाणी मागे हटायला हवं. इथे ते चढत होतं. त्या दिवशी अनुभवाचाच घात झाला.

शास्त्रज्ञांनी पुढे याचा छडा लावला. लुइझियाना-टेक्सासच्या किनाऱ्यापुढे समुद्राचा तळ फार दूरपर्यंत उथळ आहे, परातीसारखा. आइकचा पसारा इतका मोठा होता की त्याचे वारे या उथळ पाण्यावर किनाऱ्याला समांतर तास न् तास वाहत राहिले आणि त्यांनी पाण्याचा एक रुंद प्रवाह पश्चिमेकडे चालता केला. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात असा प्रवाह उजवीकडे वळतो. पश्चिमेला निघालेल्या प्रवाहाच्या उजव्या हाताला काय होतं? टेक्सासचा किनारा. त्यामुळे वारा उलटा असूनही पाणी किनाऱ्यावर चढत गेलं, आणि वादळाच्या केंद्राच्या बारा ते चोवीस तास आधी ते सहाएक फुटांनी वाढलं. वादळाचं खरं उधाण अजून यायचं होतं. ही नुसती आगाऊ हप्त्याची रक्कम.

आणखी एक गोष्ट कोकणच्या वाचकाने लक्षात घ्यावी. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत समुद्र साडेचार मीटरपर्यंत चढतो-उतरतो. आपल्या धक्क्यांना, खाजणांना, माणसांना त्याची सवय आहे. गॅल्व्हस्टनला भरती-ओहोटीचा फरक दीड-दोन फुटांचा. तिथे रस्ता पाण्याच्या पातळीपासून चार-पाच फुटांवर असतो आणि तो सुरक्षित मानला जातो. सहा फूट पाणी चढणं म्हणजे तिथे रस्ता नाहीसा होणं.

फेरीबोट बंद झाली. हायवे दोन्हीकडून तुटला. सकाळी उठून निघू म्हणणाऱ्यांची सकाळ झाली होती, आणि निघायला वाटच उरली नव्हती.

शुक्रवार, सकाळी दहा. १६ तास

गॅल्व्हस्टनच्या समुद्रभिंतीवर गर्दी आहे. माणसं लाटा बघायला आली आहेत, फोटो काढत आहेत. लाट भिंतीवर आपटते, वीस-तीस फूट उंच तुषार उडतो, लोक ओरडतात आणि मागे पळतात. मुंबईत मरीन ड्राइव्हला पावसाळ्यात हेच चालतं, तेव्हा नावं ठेवायला नकोत.

भिंतीवर ब्रॉंझचा एक पुतळा आहे : एका हाताने पत्नी-मुलाला कवेत घेतलेला आणि दुसरा हात आभाळाकडे उंचावलेला पुरुष. हे १९०० च्या वादळाचं स्मारक. ८ सप्टेंबर १९०० या शनिवारी गॅल्व्हस्टनमध्ये जे झालं ती नैसर्गिक आपत्तीतली अमेरिकेच्या इतिहासातली सर्वांत मोठी प्राणहानी आहे. सर्वमान्य अंदाज आठ हजारांचा. बेटाची सर्वांत उंच जागा तेव्हा नऊ फुटांच्या आत होती, आणि पाणी पंधरा फुटांहून वर चढलं. तिथले हवामान अधिकारी आयझॅक क्लाइन यांनी त्याआधी नऊ वर्षं वर्तमानपत्रात लेख लिहून गॅल्व्हस्टनला वादळाची भीती बाळगणं खुळेपणाचं आहे असं सांगितलं होतं. त्या रात्री त्यांची पत्नी गेली.

मग गॅल्व्हस्टनने जे केलं ते ऐकून आजही थक्क व्हायला होतं. सतरा फूट उंचीची भिंत बांधली, पहिला टप्पा १९०४ मध्ये पुरा झाला. एवढ्यावर न थांबता शहरच उचललं. सुमारे दोन हजार इमारती जॅक लावून वर घेतल्या आणि खाली समुद्रातली वाळू भरली. घरं उचललेली असताना लोक लाकडी फळ्यांवरून ये-जा करत. हे काम १९११ पर्यंत चाललं.

म्हणून गॅल्व्हस्टनकराचा भिंतीवर विश्वास आहे, आणि तो अनाठायी नाही. फक्त भिंत आखाताच्या बाजूला आहे. पाठीमागे खाडीच्या बाजूला भिंत नाही.

शुक्रवार, दुपार. १२ तास

तटरक्षक दलाची हेलिकॉप्टरं बोलिव्हरवर घिरट्या घालत आहेत. छतांवरून, गाड्यांच्या टपांवरून, पुराने वेढलेल्या जिन्यांवरून माणसं उचलली जात आहेत. त्या दिवसात शंभराच्या आसपास लोक वाचवले गेले. वाऱ्याचा जोर वाढल्यावर उड्डाणं थांबवावी लागली. शेवटच्या हेलिकॉप्टरच्या आवाजानंतर खाली राहिलेल्यांना काय वाटलं असेल, ते लिहिण्यात अर्थ नाही.

समुद्रात, गॅल्व्हस्टनपासून नव्वद मैलांवर, 'अँटालिना' नावाचं ५८४ फूट लांबीचं मालवाहू जहाज इंजिन बंद पडून वाहवत चाललं आहे. जहाजावर बावीस जण. त्यांना सोडवायला निघालेल्या विमानांना वाऱ्यामुळे परतावं लागलं. जहाज वादळातून तसंच जाऊ द्यायचं ठरलं. (ते बावीसच्या बावीस वाचले. वादळात खोल समुद्रातलं बंद जहाज किनाऱ्यावरच्या घरापेक्षा बरं, असा प्रसंग यावा!)

शुक्रवार, संध्याकाळ. ८ तास

केंद्र अजून दीडशे किलोमीटरवर आहे, पण गॅल्व्हस्टनच्या खाडीकडच्या रस्त्यांवर गटारांच्या जाळ्यांतून पाणी वर येतं आहे. पावसाचं पाणी ज्या वाटेने खाडीत जातं त्याच वाटेने खाडी गावात येते आहे.

यॉट बेसिनजवळ बोटींची गोदामं पेटली आहेत. काळ्या धुराचा लोट वाऱ्याने आडवा पडतो आहे. बंब निघाले, पण पाण्यामुळे पोचू शकले नाहीत. चारी बाजूंना पाणी असताना आग विझवता येत नाही, हे अग्निशमन दलाच्या लोकांनी उभ्याने पाहिलं.

बेटावर उरलेल्यांसाठी बॉल हायस्कूल उघडलं आहे. प्रशासनाचे लोक सॅन लुइस हॉटेलात बसले आहेत. ते जुन्या फोर्ट क्रॉकेटच्या तोफांच्या बुरुजावर बांधलेलं आहे. काँक्रीटचा तो लष्करी ठोकळा बेटावरची सर्वांत भरवशाची जागा मानतात.

आणि तिकडे क्रिस्टल बीचवर एका माणसाकडे पाळलेली सिंहीण आहे. तो तिला गाडीत घालून निघाला, रस्ता तुटलेला दिसला, म्हणून तो तिला घेऊन गावातल्या चर्चमध्ये गेला. तिथे आधीच आसऱ्याला आलेले लोक होते. पाणी कमरेएवढं चढलं तेव्हा सिंहिणीला सगळ्यांनी मिळून व्यासपीठावर चढवलं. पाण्यात पोहायची वेळ आली की सिंहाला माणूस खायची इच्छा राहत नाही, असं तिचा मालक नंतर पत्रकारांना म्हणाला. सगळे वाचले, सिंहीणही. पंचतंत्रात शोभेल अशी गोष्ट, पण खरी आहे.

शुक्रवार, रात्री दहा ते मध्यरात्र. ४ ते २ तास

वीज गेली आहे. आता बातम्या बॅटरीवरच्या रेडिओवर.

समुद्रावर खांब रोवून उभा केलेला 'बॅलिनीज रूम' नावाचा जुना क्लब या रात्री गेला. १९४० च्या दशकात तिथे जुगार चाले. पोलिसांची धाड आली की किनाऱ्यापासून आत जाणारी लांबलचक मार्गिका ओलांडेपर्यंत टेबलं लपवली जात. पोलिसांना जे जमलं नाही ते आइकने एका रात्रीत केलं. भिंतीपुढच्या धक्क्यांवरची इतर दुकानंही गेली. भिंत मात्र उभी राहिली. लाटा तिच्यावरून उडत होत्या, पण खरा लोंढा पाठीमागून, खाडीतून आला. स्ट्रँड भागातल्या व्हिक्टोरियन काळच्या देखण्या इमारतींच्या तळमजल्यात छातीभर आणि त्याहून वर पाणी भरलं. टेक्सास विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे तळमजले बुडाले. रुग्ण आधीच हलवले होते म्हणून बरं.

बोलिव्हरवर या तासांत काय होत होतं ते पाहायला फार थोडे साक्षीदार उरले. पाण्याच्या पातळीवर लाटा, आणि त्या लाटा आता घराच्या तुळयांवर आपटत होत्या. खांबांवरचं घर पाण्याला वाट देतं, तोवर ते टिकतं. पाणी जमिनीच्या फळ्यांना टेकलं की खेळ संपला. लाट खालून घर उचलते, मोडलेलं घर पुढच्या घरावर जाऊन आदळतं, आणि ओळीने घरं जात राहतात.

शनिवार, १३ सप्टेंबर, रात्री २ वाजून १० मिनिटं

आइकचं केंद्र गॅल्व्हस्टन बेटाच्या पूर्व टोकाला जमिनीवर आलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० मैल, म्हणजे १७५ किलोमीटरच्या आसपास. कॅटेगरी तीनची सुरुवात १११ मैलांना होते. म्हणजे नोंदवहीत आइक शेवटपर्यंत कॅटेगरी दोनच राहिलं, एका मैलाने.

पाण्याची नोंद अशी : बोलिव्हर आणि खाडीपलीकडच्या चेंबर्स कौंटीच्या काही भागात पंधरा ते वीस फूट. पट्टीवर छापलेले सहा ते आठ फूट आठवा.

उत्तर गोलार्धात वादळ घड्याळाच्या उलट फिरतं. त्यामुळे पुढे सरकणाऱ्या केंद्राच्या उजव्या हाताला वारा समुद्राचं पाणी जमिनीवर रेटतो, डाव्या हाताला तो जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. बोलिव्हर उजव्या हाताला होतं. केंद्र थोडं पश्चिमेला लागलं असतं तर उजवा हात ह्यूस्टनच्या जहाज-कालव्यावर पडला असता. तिथे अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या तेलशुद्धीकरण आणि रसायन कारखान्यांची रांग आहे.

शनिवार, पहाटे तीन ते पाच

केंद्र पुढे गेलं, वारा फिरला. खाडीत कोंडलेलं पाणी आता परत समुद्राकडे निघालं. बोलिव्हरवर जे काही उभं होतं त्याला दुसऱ्यांदा, उलट्या बाजूने मार बसला. पहिल्या लोंढ्याने घरं, माणसं, गाड्या खाडीपलीकडच्या चेंबर्स कौंटीच्या दलदलीत नेऊन टाकल्या होत्या. पुढचे कित्येक आठवडे शोधपथकं तिथल्या गवतात आणि मोडतोडीच्या ढिगांत फिरत होती.

वारा तोवर ह्यूस्टनमध्ये पोचला होता. शहरातल्या सर्वांत उंच इमारतीच्या खिडक्या फुटून कागद रस्त्यावर उडाले. वीस लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली, आणि ती पुरती यायला काहींना तीन आठवडे लागले. पण हलू नका म्हणून सांगितलेले लोक घरात होते. रिटासारखी पळापळ झाली नाही.

वादळ ओसरल्यावर

हेलिकॉप्टरमधून गिलख्रिस्टचं छायाचित्र घेतलं गेलं आणि ते जगभर छापलं गेलं. सपाट वाळू, डबकी, उपटलेले खांब आणि मधोमध एकच पिवळं घर, जणू कुणी नुकतंच आणून ठेवलं आहे. त्याच्या मालकांचं आधीचं घर तीन वर्षांपूर्वी रिटामध्ये गेलं होतं. त्यांनी नवं बांधताना उंची आणि खांब यांत कसूर केली नव्हती. शेजाऱ्यांची जवळजवळ सगळी घरं गेली.

लोक त्या चित्राला चमत्कार म्हणाले. मला तो शब्द पटत नाही. त्या घरात चमत्कारापेक्षा इंजिनिअरची आकडेमोड जास्त आहे.

त्यानंतर

टेक्सास, लुइझियाना आणि आर्कान्सा मिळून वादळाने थेट घेतलेले बळी वीस, आणि तीसहून अधिक माणसं पुढे कित्येक महिने बेपत्ता म्हणून नोंदलेली. हजारो घरं जमीनदोस्त. गॅल्व्हस्टनची लोकसंख्या २००० च्या जनगणनेत ५७,२४७ होती, २०१० मध्ये ती ४७,७४३ झाली. मुळाशी खारं पाणी साचल्याने बेटावरची सुमारे चाळीस हजार झाडं पुढच्या वर्षभरात वाळली. त्यांत १९०० नंतर लावलेले जुने ओक होते. काहींच्या खोडांतून कारागिरांनी मासे, पक्षी, कुत्री कोरली, ती अजून अंगणाअंगणांत उभी आहेत.

टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचे विल्यम मेरेल यांनी २००९ मध्ये खाडीच्या तोंडावर प्रचंड दरवाजे बसवायची योजना मांडली. तिला 'आइक डाइक' म्हणतात. अमेरिकी काँग्रेसची मंजुरी मिळायला २०२२ चा डिसेंबर उजाडला. खर्चाचा अंदाज ३४ अब्ज डॉलर, महागाई धरली तर ५७ अब्ज.

मला त्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो तो दोन ओळींचा बदल. २०१० मध्ये हरिकेन केंद्राने सॅफिर-सिम्पसन पट्टीतून पाण्याच्या उंचीचे आकडे काढून टाकले. क्रमांक आता फक्त वाऱ्याचा. आणि २०१७ पासून उधाणाचा इशारा वेगळा, त्याच्या स्वतःच्या नकाशासह दिला जातो. म्हणजे वाऱ्याच्या आकड्यावरून पाण्याचा अंदाज करू नका हे सांगायला सरकारला कॅट्रिना आणि आइक दोन्ही लागले.

आपल्याकडेही चक्रीवादळ, तीव्र चक्रीवादळ, अतितीव्र चक्रीवादळ ही सगळी उतरंड वाऱ्याच्या वेगावरच लावलेली आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाने अलिबागच्या दक्षिणेला लागलं. ईशान्येकडे निघालेल्या त्या वादळाच्या उजव्या हाताला श्रीवर्धन होतं आणि डाव्या हाताला मुंबई. मुंबईने दुसऱ्या दिवशी सुटकेचा निःश्वास टाकला, श्रीवर्धनच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. हवामान खात्याच्या त्या वेळच्या पत्रकात समुद्राची पातळी भरतीपेक्षा किती मीटरने वाढेल तेही जिल्हावार दिलेलं होतं. ठळक मथळ्यात मात्र किलोमीटरच होते.

किनाऱ्यावर राहत असाल तर पुढच्या वादळाच्या वेळी वेगाचा आकडा सोडून ती पाण्याची ओळ आधी शोधा. गावाबाहेर पडायच्या रस्त्याची सर्वांत सखल जागा कुठे आहे आणि ती किती वाजता पाण्याखाली जाईल, हे तहसील कार्यालयाला आदल्या दिवशी विचारा, आणि निघायची वेळ त्यावरून ठरवा.